ग्रामसभेत तुमचं म्हणणं कधी पोचलं? अनुभव सांगा

गावाचा विकास म्हटलं की गाडी रस्ता, सभामंडप आणि पेव्हर ब्लॉकवर येऊन थांबते. ती कामं ठरताना वाडीवरच्या बायकांना, भूमिहीन मजुरांना, चालता न येणाऱ्यांना कुणी विचारलं होतं का, एवढंच मला जाणून घ्यायचंय. सुरुवात मीच करते.

मी बचत गटांची सीआरपी, म्हणजे गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. आमच्याकडे ती रजिस्टरवरच व्हायची; शिपाई घरोघरी सह्या, अंगठे घेत फिरायचा. तीन वर्षांपूर्वी आम्ही हट्टाने ती वाडीवरच्या शाळेच्या व्हरांड्यात भरवली, तीही बायका खुरपणीवरून परतल्यावर. बराच वेळ कुणी बोलेना. मग एक आजी खांबाला धरून उठल्या. म्हणाल्या, ''नळ दिलात, चांगलं केलंत. पण पाणी रात्री अडीचला सोडता. सुनेनं झोपायचं कधी?'' खाली बसल्या, आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या. पाणी सकाळी सहाला सोडायचा ठराव झाला. त्याला एक रुपयाही निधी लागला नाही. आधी कुणी विचारलंच नव्हतं.

निवृत्त ग्रामसेवक

ताई, तुमचं वाचून मनाला लागलं, कारण तशी रजिस्टरं मीही भरली आहेत. ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. पण हजेरीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरली, की तिला गणपूर्तीची, म्हणजे किमान हजेरीची अट नाही. खरी मेख तिथे आहे. पहिली सभा तहकूब होणार हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. मग दुसऱ्या सभेला दहा-बारा जण बसतात आणि वर्षाचा आराखडा मंजूर होतो. शेवटची चार वर्षं मी दवंडीबरोबर प्रत्येक वस्तीवर स्वतः जायला लागलो. आधीच जायला हवं होतं.

गृहिणी, बीड जिल्हा

महिला सभेत माहिती मिळाली म्हणून अर्ज केला. घराच्या नमुना 8 वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घर-नोंदीवर, ह्यांच्या नावाशेजारी आता माझंही नाव आहे. उतारा मी ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवलाय.

दिव्यांग सदस्य, ग्रामपंचायत

स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. आमच्या गावाने एका वर्षी तो खर्च केला, पण सगळ्यांना सरसकट ब्लँकेट वाटून. अंधालाही ब्लँकेट, बहिऱ्यालाही ब्लँकेट. मी तेव्हा कार्यालयाच्या खालच्या पायरीवर बसायचो, रजिस्टर खाली आणून सही घ्यायचे आणि सभा वर चालायची. त्या सभेत मी खालूनच ओरडून विचारलं, की मला वर कधी घेणार? पुढच्या आराखड्यात रॅम्प आला. पहिल्यांदा उतार इतका खडा केला की चाकं मागे यायची. तो फोडून पुन्हा करायला लावला. आता मी आत बसून बोलतो. पुढच्याच निवडणुकीला उभा राहिलो.

अंगणवाडी सेविका

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, तो वाचून आमच्या सभेत मीच तसा ठराव मांडला. हात सगळ्यांनी वर केले. संक्रांतीला मात्र बोलावणं एकाच घरातून आलं. मी गेले.

शेळीपालक, अहिल्यानगर जिल्हा

मला दुसरी बाजू मांडायची आहे. पाणलोटाची कामं झाली, विहिरींना पाणी वाढलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मला त्याचा आनंद आहे. पण पाणी अडवायचं तर माथ्यावर चराईबंदी येते. विहीर असते बागायतदाराची, शेळ्या असतात ज्याला गुंठाभर रान नाही त्याच्या. म्हणजे फायदा खाली उतरतो आणि झळ वर राहणाऱ्याला बसते. आमच्या गायरानावर एका सभेत बंदी ठरली तेव्हा आम्ही सगळे शेळ्यांमागेच होतो. दुसऱ्या दिवशी चर खणलेले आणि काटेरी कुंपण दिसलं. त्या उन्हाळ्यात मी अकरा शेळ्या विकल्या.

आमच्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानेही चराईबंदी केली, पण गवत कापून न्यायला मुभा ठेवली. आम्ही तेच धरून बसलो. चौथ्या सभेत ऐकलं. आता गायरानाचे तीन तुकडे केलेत: दोन बंद, एक मोकळा, आणि बंद तुकड्यातलं गवत विळ्याने कापायचा पहिला हक्क भूमिहीन घरांचा. यंदा पवना गवत गुडघ्यापर्यंत आलंय. पुढच्या वर्षी कोणता तुकडा मोकळा करायचा यावर अजून एकमत नाही. ह्या वेळी सभा रात्री आठला ठेवलीय, शेळ्या कोंडल्यावर.