नकाशावर चार कंपन्या, तार मात्र एकीचीच: याला स्पर्धा म्हणायचं का?

उंबरठा:
कव्हरेजच्या नकाशात एका पत्त्यावर चार ब्रॉडबँड कंपन्या दिसतात. पण दर जवळपास सारखे, आणि सेवा बंद पडली की चौघींचीही एकदम पडते. यांतली स्वतःची तार कुणाची आणि नुसतं बिल कुणाचं, हे ग्राहकाला कसं ओळखता येईल? ट्रेसराउटवरून, म्हणजे डेटा कुठल्या टप्प्यांतून जातो ते दाखवणाऱ्या चाचणीवरून, कळतं का? आणि तार एकीचीच असेल, तर खरी स्पर्धा होऊच शकत नाही का?

तांब्याची_तार:
ट्रेसराउटच्या भरवशावर राहू नका. विक्रेत्या कंपनीने दुसऱ्याची तार घाऊक दराने लेयर 2 वर (इंटरनेट पत्त्यांच्या खालच्या थरावर) घेतलेली असेल, तर घरच्या राउटरनंतर थेट तिचाच गेटवे (नेटवर्कचं दार) दिसतो. मधली तार, स्प्लिटर (एक फायबर अनेक घरांत वाटणारी डबी), एक्सचेंज (तारा जिथे एकत्र येतात ते केंद्र) कुणाचं आहे, याचा मागमूस नसतो. एएस नंबरही (इंटरनेटवर नेटवर्कची ओळख सांगणारा क्रमांक) विक्रेत्याचाच येतो.

त्यापेक्षा तीन गोष्टी बघा. भिंतीवरच्या ओएनटीवर, म्हणजे फायबर जिथे संपते त्या डबीवर, कुणाचं लेबल आहे? कंपनी बदलली तर नवी फायबर ओढतात, की जुन्याच डबीवर नवं लॉगिन देतात? आणि फॉल्ट आल्यावर येणारा माणूस नेमका कुणाचा?

दर सारखे का, त्याचं मूळ जोडणीतच आहे. तांब्याच्या काळी प्रत्येक घराची तारांची जोडी वेगळी एक्सचेंजपर्यंत जायची, तिथे प्रतिस्पर्धी आपला डीएसलॅम (फोनच्या तारेवर इंटरनेट देणारं यंत्र) लावू शकत होता. जीपॉनमध्ये, म्हणजे आजच्या घरगुती फायबरच्या एका प्रचलित पद्धतीत, एकच फायबर स्प्लिटरवर 32 किंवा 64 घरांत फुटते आणि खाली येणारे 2.488 गिगाबिट, वर जाणारे 1.244 गिगाबिट सगळ्यांत वाटले जातात. अशा झाडातली एक फांदी सोडवून दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. म्हणून प्रतिस्पर्ध्याला मिळतो तो आभासी चॅनेल, म्हणजे त्याच तारेवर सॉफ्टवेअरने वेगळी काढलेली वाट: वेगाचे टप्पे, अपलोडचं प्रमाण, दुरुस्तीची मुदत सगळं तारमालकाच्या हातात. विक्रेत्याकडे उरतं राउटर, बिल आणि फोन उचलणं. एवढ्यात दर किती उतरवणार?

कलम_पोटकलम:
शेवटच्या प्रश्नाबद्दल. तार एकीची असूनही स्पर्धा होते, पण तारमालक स्वतः किरकोळ दुकान चालवत नसेल तरच. स्टॉकहोमची स्टोकाब 1994 पासून हेच करते: नगरपालिकेच्या मालकीची डार्क फायबर (नुसती फायबर, यंत्रं भाडेकरूने लावायची), भाड्याने कुणालाही, स्वतः घरगुती इंटरनेट विकायचं नाही. ब्रिटनमध्ये बीटी या जुन्या टेलिफोन कंपनीचा तारांचा विभाग 2006 साली ओपनरीच म्हणून वेगळा केला आणि 2018 पासून ती कायद्याने स्वतंत्र कंपनी आहे, जरी समूह तोच असला. (माझ्या मते हे अर्धवट वेगळेपण, नफा शेवटी एकाच घरात जातो.)

अमेरिका उलट दिशेने गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या ब्रँड एक्स निकालानंतर केबल कंपन्यांवर तार इतरांना देण्याचं बंधन आलंच नाही, आणि त्याच वर्षी डीएसएलवरचंही (फोनच्या तारेवरचं इंटरनेट) एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, काढून टाकलं. मग उरला एकच मार्ग, स्वतःची तार टाकणं. तिथे आडवा येतो खांब. नवी तार चढवायची तर आधीच्या तारा थोड्या सरकवाव्या लागतात, आणि पूर्वी प्रत्येक जुनी कंपनी आपापली टोळी आपापल्या सवडीने पाठवायची. नव्या प्रतिस्पर्ध्याला रखडवायला वेगळं काही करावं लागत नसे, फक्त आपली पाळी लांबवायची. 2018 मध्ये एफसीसीने साध्या कामांसाठी एकाच टोळीला सगळ्या तारा सरकवायची मुभा दिली.

नकाशाचं म्हणाल तर तिथल्या जुन्या पद्धतीत जनगणनेच्या ब्लॉकमधल्या एका पत्त्याला सेवा देता येत असली की अख्खा ब्लॉक 'सेवा आहे' म्हणून रंगायचा. पत्त्यानुसार नकाशा आला 2022 साली.

पिंगवाला:
वरच्या दोघांशी सहमत, पण तार वेगळी असली तरी मक्तेदारीचा दुसरा दरवाजा असतो: पीअरिंग, म्हणजे दोन नेटवर्कांची आपसातली थेट जोडणी. जोडणीचे पोर्ट भरले तरी कंपनी ते वाढवत नाही आणि पलीकडच्याकडून पैसे मागते. 2014 मध्ये नेटफ्लिक्सने थेट जोडणीसाठी कॉमकास्ट या अमेरिकी केबल कंपनीला पैसे देणं मान्य केलं ते याच ओढाताणीत.

तपासायचं असं. वायफाय नको, केबल लावा. रात्री 8 ते 10 मध्ये एक स्पीड टेस्ट कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर, एक नेटवर्कबाहेरच्या. हेच पहाटे पुन्हा. आतला आकडा दोन्ही वेळा पूर्ण आणि बाहेरचा फक्त रात्री कोसळत असेल, तर तुमच्या तारेत दोष नाही, बाहेरची वाट तुंबलीय. व्हीपीएन (डेटा दुसऱ्या सर्व्हरमार्गे पाठवणारी सेवा) लावल्यावर वेग वाढला तर शंका आणखी पक्की, कारण वाट बदलली.

उंबरठा:
लेबल बघतो. दुसरं कनेक्शन बॅकअपसाठी घ्यायचं होतं, म्हणजे किमान तार वेगळी असणारी कंपनी निवडायची, बरोबर?

तांब्याची_तार:
तेवढ्याने भागत नाही. दोन मालकांच्या फायबर एकाच डक्टमधून (जमिनीखालच्या नळीतून) जात असतील तर जेसीबीचा एक दात दोन्ही तोडतो. लेखी विचारा: इमारतीत शिरायची जागा, डक्ट आणि एक्सचेंज, तिन्ही वेगळं आहे का. उत्तर टाळलं तर दुसरं कनेक्शन वायरलेस घ्या.