ब्लॉक दिला पाहिजे होता, मी चार्ज दिला

लोकमान्यनगरकर, इंदूर
बारा वर्षं बास्केटबॉल खेळलो, यंदा पहिल्यांदाच पंच म्हणून शिट्टी हातात घेतली. परवा चौदा वर्षांखालच्या मुलांची मॅच होती. शेवटचं मिनिट, दोन पॉइंटचा फरक. एक मुलगा ले-अपला, म्हणजे धावत येऊन जवळून बास्केट करायला घुसला आणि डिफेंडरच्या छातीवर आदळला. मी चार्ज दिला, म्हणजे धडकणाऱ्या मुलाचा फाऊल, बास्केट रद्द. रात्री एका पालकांनी व्हिडिओ पाठवला. सावकाश करून पाहिला, तर मुलाने उडी घेतल्यावर डिफेंडर डावा पाय टाकत मध्ये आला होता. सरळ ब्लॉक, म्हणजे वाट अडवल्याचा डिफेंडरचा फाऊल. बास्केट धरायची, वर एक फ्री थ्रो. ते पोरगं बेंचवर जर्सीने डोळे पुसत होतं. मी चार पावलांवर होतो, तरी मला दिसलं कसं नाही?

जुनी शिट्टी
नजर बॉलवर होती ना? खेळाडूची सवय ती, जायला वेळ लागतो. डिफेंडरकडे बघ. त्याने समोर तोंड करून दोन्ही पाय टेकवून जागा आधी घेतली, की दुसऱ्याने जमीन आधी सोडली? सगळं त्यावर. आणि डिफेंडर हलला म्हणजे ब्लॉकच, असं नाही. एकदा जागा घेतली की त्याला मागे, बाजूला सरकता येतं. फक्त समोरचा हवेत गेल्यावर त्याच्या वाटेत शिरता येत नाही. तू उभा कुठे होतास?

लोकमान्यनगरकर
एंड लाइनला, बास्केटच्या अगदी मागे. दोनच पंच होतो. डिफेंडरची पाठ माझ्याकडे होती.

जुनी शिट्टी
मग तू पाहिलं नाहीस, अंदाज केलास. दोन पावलं बाजूला हो, दोघांमधली फट दिसली पाहिजे.

पॉइंट गार्ड
बास्केटखालचं 1.25 मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ आखलं होतं का? आमच्याकडे लोकल मॅचला बरेचदा नसतंच. डिफेंडर त्यात उभा असेल तर हवेतून येणाऱ्याच्या नुसत्या धडकेवर चार्ज देताच येत नाही. आणि दादा, अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, एनबीएत, तीन पंच असतात, रिप्ले असतो, तरी चुरशीच्या मॅचच्या शेवटच्या दोन मिनिटांतले चुकलेले निर्णय ते 2015 पासून स्वतःच जाहीर करतात.

लोकमान्यनगरकर
आखलं नव्हतं. उद्या संध्याकाळी त्या मुलाला आणि त्याच्या कोचना भेटून सांगणार आहे, चूक माझी होती.

जुनी शिट्टी
जरूर भेट. पण त्यांच्या पुढच्या मॅचला भरपाई म्हणून एकही फाऊल देऊ नकोस. समोरची पोरंही चौदाचीच आहेत.