पद्मिनीची रिकामी बॉडी गॅरेजमध्ये हलवायची कशी? ट्रॉलीबद्दल मापं हवीत

पाटेवाला_११००:
प्रीमियर पद्मिनी कार. इंजिन, गिअरबॉक्स, काचा, सीट, दारं निघाली आहेत. पुढचं सस्पेन्शन आणि मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) या आठवड्यात उतरतील. गॅरेज १० बाय १८ फूट, कोटा फरशी, दाराकडे पाण्यासाठी थोडा उतार, उंबऱ्यात सरकत्या गेटचा चॅनेल. दिवसा बॉडी मधोमध हवी, रात्री भिंतीला लावून शेजारी स्कूटर उभ्या करायच्या आहेत. फ्लोअर आणि सिल (दारांखालची लांब पत्र्याची पेटी) दोन्ही बदलायचे आहेत. पाइप कोणता, चाकं केवढी आणि बॉडी टेकवायची कुठे?

गुण्या_ओळंबा:
टेकवायचं कुठे, हे आधी ठरवा. चेसिस (खालचा सांगाडा) वेगळी नाही, बॉडीच चेसिस आहे. आयुष्यभर तिचं वजन जिथून सस्पेन्शनवर उतरलं तिथेच ती टेकवा: पुढे क्रॉसमेंबरचे (सस्पेन्शन धरणाऱ्या आडव्या तुळईचे) बोल्ट बसतात ती जागा, मागे पाट्यांचे पुढचे हँगर, म्हणजे पाट्याचं टोक बॉडीला अडकतं ते. सिलखाली आडवा पाइप घालू नका. ज्या सिलवर बॉडी उभी आहे तेच कापणार कसं?

पाइप ४० बाय ४० एमएस (साधं पोलाद) स्क्वेअर, ३ मिमी जाडीचा. दोन लांब पट्ट्या प्रत्येकी २.४ मीटर, तीन आडव्या १.१ मीटर, चार उभे टेकू ३०० मिमीच्या आसपास. एकूण सव्वानऊ मीटर, म्हणजे २० फुटी दोन पाइपांत काम होतं आणि वजन ३२ किलोच्या आत. पद्मिनीचा व्हीलबेस २३४० मिमी आहे, पण टेकूंचं अंतर त्यावरून काढू नका, हँगर धुऱ्याच्या पुढे असतात. फीत बॉडीलाच लावा. टेकूच्या डोक्यावर ६ मिमीची पट्टी, तिला लांबट भोक, आणि बोल्ट मूळच्याच भोकांत. नुसती ठेवलेली बॉडी उंबऱ्यावरच्या एका धक्क्यात सरकते.

फ्रेमचे दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय पक्कं वेल्डिंग नको. आधी टॅक (ठिपक्याएवढं तात्पुरतं वेल्डिंग) मारा.

पीयू_चाक:
फ्रेममध्ये चूक झाली तर वेल्डिंगने सुधारता येते. चाकं चुकली की सगळं अडतं, म्हणून पैसे तिथे घाला.

बॉडी ३०० किलो धरा, फ्रेम आणि वर ठेवलेलं सामान मिळून ४००. याला चाराने भागू नका, तीनाने भागा. फरशी कधीच सपाट नसते, एक चाक नेहमी अधांतरी असतं. म्हणजे प्रत्येक चाकाची क्षमता किमान १५० किलो, २०० असेल तर उत्तम. व्यास १५० मिमी. ७५ मिमीचं चाक चॅनेलच्या फटीत पडतं आणि मग चौघं लावूनही निघत नाही. बिडाचं चाक कोटा फोडतं, रबराचं महिनाभर एका जागी उभं राहिलं की चपटं होतं. पॉलीयुरेथेन (पीयू) घ्या. तरी काम लांबणार असेल तेव्हा फ्रेमखाली चार जॅक स्टँड लावून चाकं मोकळी करा.

चारही चाकं फिरती घ्या, १० फुटी जागेत नाहीतर बॉडी आडवी सरकणार नाही.

गुण्या_ओळंबा:
चारही फिरती घेणार असाल तर एक गोष्ट आधी माहीत हवी. फिरत्या चाकाचा टेकण्याचा बिंदू खिळ्यापासून (ज्यावर चाक वळतं त्या उभ्या पिनेपासून) साधारण ४५ मिमी मागे असतो. ढकलण्याची दिशा उलटली की चाक अर्धा फेरा घेतं आणि ट्रॉली आडवा झटका देते. भिंतीपासून १०० मिमीवर लावलेल्या बॉडीचं फेंडर नेमकं तेव्हा घासतं. २०० मिमी अंतर ठेवा आणि हलवण्याआधी चारही चाकं पायाने हव्या त्या दिशेला वळवा. चाकांमधलं अंतरही याच हिशोबाने ठेवा: चाकं आतल्या बाजूला वळली तरी रुंदीत ९०० मिमी उरायला हवं.

पाटेवाला_११००:
उताराचं काय? ब्रेकची चाकं पुरतील ना? आणि ट्रॉलीवर चढवायची कशी? क्रेन नाही, दोन टनी ट्रॉली जॅक आहे.

पीयू_चाक:
साध्या ब्रेकने चाक थांबतं, पण खिळ्यावर वळायचं थांबत नाही. दोन्ही एकदम अडकवणारा ब्रेक मिळतो, तो उताराच्या खालच्या बाजूच्या दोन चाकांना लावा. ६० ला १ उतारावर ४०० किलोला साधारण पावणेसात किलोची ओढ बसते. चांगलं पीयू चाक एवढ्यावर आपोआप निघू शकतं. लाकडी पाचर रोजच्या रोज, ब्रेक असला तरी. चॅनेलवर १२ मिमी प्लायची फळी टाकली की उंबरा संपला.

डिकी_उघडी:
चढवताना आधी मागची बाजू. एका वेळी ५० मिमी उचला, लगेच खाली लाकडी ठोकळा, मग दुसरी बाजू. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक अजिबात नकोत, ते वाकत नाहीत, एकदम फुटतात.

आणि जॅकच्या चाकाखालची जागा झाडून घ्या. एक टोक वर जातं तेव्हा ते सरळ जात नाही, कमानीत जातं, आणि जॅकला तेवढं सरकावं लागतं. खडा किंवा वेल्डिंगचा थेंब आडवा आला की जॅक अडतो आणि पलीकडच्या टोकाचे स्टँड कलंडतात. बहुतेक वेळा बॉडी पडते ती अशी.

इंजिन नसल्याने नाक हलकं झालंय, वजन मागे सरकलंय. खात्री करायची तर घरचे वजनकाटे दोन घ्या, पुढच्या दोन टेकूंखाली फळीसह ठेवा, मग मागच्या. चारही आकडे मिळवले की खरं वजन आणि तोल दोन्ही कळतात.

गुण्या_ओळंबा:
सिल कापण्याआधी दारं परत बसवा, फटी जुळवा आणि मग दाराच्या चौकटीत २५ बाय २५ चे आडवे-तिरके पाइप टॅक करा. आता दारं नसताना टॅक केलेत तर चुकलेलं मापच कायम होईल. वेल्डिंगआधी डिकीतली पेट्रोलची टाकी बाहेर. ढकलताना हात सिलच्या पातळीला, छताच्या खांबाला नाही: वरून ढकललं की एक बाजू उचलली जाते आणि पुढचं चाक फटीत रुततं.