शेतकऱ्याचा पोरगा आणि एन. डी.

*ए-२०३:* कॉर्नरला नवीन बॅनर बघितला काय? ‘शेतकऱ्याचा पोरगा, आपला हक्काचा माणूस’. खांद्यावर नांगर आणि बूट पांढरेशुभ्र 😀

*तळमजला काका:* शेतकऱ्याचा पोरगा आमदार झालेला बघायचा तर एन. डी. पाटील आठवा. गाव ढवळी, तालुका वाळवा. अर्थशास्त्रात एम. ए., वर वकिली. विधान परिषदेत १८ वर्षं, १९७८ ते ८० सहकारमंत्री, मग १९८५ ला कोल्हापुरातून विधानसभेत.

*ए-२०३:* पण काका, ते महाराष्ट्रातले आमदार. बेळगावला त्यांचा काय उपयोग?

*तळमजला काका:* असं कसं बोलूलास? आमदारकी १९९० ला संपली. तरी सीमाप्रश्न म्हटलं की ते हजर. सुप्रीम कोर्टातल्या दाव्यासाठी तज्ज्ञ समिती होती, तिचे अध्यक्ष तेच. आणि गेले कधी? १७ जानेवारी २०२२. आपला सीमालढ्याचा हुतात्मा दिन!

*सी-३०२:* पवारांचे पाव्हणे होते म्हणा की. मग काय अवघड.

*तळमजला काका:* पाव्हणे होते, पवारांची सख्खी बहीण त्यांच्या घरात. पण पवार मुख्यमंत्री असताना एन्रॉन कंपनीशी विजेचा करार झाला आणि हे विरोधात उभे! शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, शेवटपर्यंत सोडला नाही. ऐंशी ओलांडल्यावर कोल्हापूरच्या टोलविरुद्ध रस्त्यावर. आता एवढ्या वयात कोण उतरतंय?

*सी-३०२:* आमच्या बैलहोंगलकडचे बाबागौडा पाटीलही विसरू नका. कर्नाटकातल्या रयत संघ या शेतकरी संघटनेचे, हिरव्या टॉवेलवाले. १९८९ ला दोन मतदारसंघांतून एकदम निवडून आले. पुढे भाजपमधून खासदार, वाजपेयींच्या सरकारात राज्यमंत्री.

*तळमजला काका:* माणूस मोठा, नाही म्हणत नाही. पण टॉवेलचा रंग बदलला तो बदललाच.

*सी-३०२:* काका, विरोधात बसून शेतकऱ्याला पाणी मिळतं काय? सत्तेत जावं लागतंय.

*बी-१०१ वहिनी:* तुमचं चालू दे. रविवारी हा बॅनरवाला मतं मागायला येणार म्हणे आपल्याकडे. माझ्या माहेरचं भातशेत बेळगावच्या हलगा-मच्छे बायपास रस्त्याच्या पट्ट्यात. उभ्या पिकात जेसीबी घातला तेव्हा शिवारात बायका आडव्या झाल्या होत्या. हा कुठं होता, एवढंच विचारणार.

*ए-२०३:* विचारा की वहिनी. आणि उताऱ्यावर त्याच्या नावानं किती गुंठे, तेपण.

*तळमजला काका:* रविवारी किती वाजता येऊलेत? मी खुर्ची टाकून बसतो.