मदत हवी आहे: लडाखमधल्या हानलेहून अरोरा (ध्रुवीय प्रकाश) दिसेल का? आणि फोटोत येणारे हिरवे पट्टे कशाचे?

रातवा:
१० ऑक्टोबरच्या अमावास्येला हानलेत तीन रात्री मुक्काम. फुल फ्रेम कॅमेरा, २० एमएम एफ १.८ लेन्स, ट्रायपॉड आहे, ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) नाही. मे २०२४ मध्ये तिथून अरोरा टिपला गेला, तसा मिळण्याची आशा धरावी का? हानलेच्या कित्येक फोटोंत क्षितिजालगत हिरवे पट्टे दिसतात, तो अरोराच ना? आणि आकाशगंगेचा गाभा किती वाजेपर्यंत मिळेल?

धूमकेतू:
हानलेत हिरवं दिसलं की तो अरोरा नाही, एअरग्लो (वातावरणाचा स्वतःचा मंद उजेड) समजा. दिवसा उन्हाने रेणू तुटून सुटे झालेले ऑक्सिजनचे अणू रात्री पुन्हा जुळताना साधारण ९५ किमी उंचीवर मंद प्रकाश देतात. क्षितिजाकडे बघताना हा थर तिरका, म्हणून जाड दिसतो, आणि पट्टा तिथेच उठतो.

अरोराचा हिरवा भाग १००-१५० किमी उंचीवर असतो. १०० किमीवरची गोष्ट पृथ्वीच्या गोलाईमुळे फार तर ११०० किमी अंतरावरून दिसते. हानले ३३ अंश उत्तरेला, अरोराच्या ध्रुवाजवळच्या पट्ट्यापासून याहून दूर, म्हणजे तो भाग क्षितिजाखालीच राहतो. ३००-४०० किमी उंचीवरचा लाल भाग मात्र दोन हजार किमीवरूनही डोकावतो. म्हणून मे २०२४ च्या जी-५ (सर्वांत तीव्र श्रेणीच्या) भूचुंबकीय वादळात तिथल्या कॅमेऱ्यांना लालीच मिळाली. त्याआधीचं जी-५ वादळ ऑक्टोबर २००३ चं, आता शक्यतेचा हिशोब तुम्हीच करा.

संशय आलाच तर तीच सेटिंग ठेवून उत्तरेचा आणि दक्षिणेचा एकेक फोटो काढा. दोन्हीकडे सारखंच दिसलं तर एअरग्लो.

रातवा:
पटलं. पण वादळ आलंच तर?

धूमकेतू:
केपी (वादळाची तीव्रता सांगणारा ० ते ९ चा आकडा) ८ च्या वर आणि बी-झेड (सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक) काही तास सलग उणे असेल तरच उत्तरेला कॅमेरा लावा. एफ २, आयएसओ ३२००, १५ सेकंद, रॉ. व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनवर पक्का करा. ऑटोवर ठेवलात तर लाली धुऊन जाते. नुसत्या डोळ्यांना बहुधा काही दिसणार नाही, त्यामुळे दर दहा मिनिटांनी एक फोटो काढून तपासा.

काजवा:
गाभ्याचं राहिलं. पूर्ण अंधार सव्वासातच्या सुमारास, गाभा मावळतो सव्वानऊला. पण नैर्ऋत्येला डोंगर आहेत, तेव्हा साडेआठपर्यंतच धरा. त्यासाठी मार्च ते जून बरा. पहाटे पूर्वेला शंकूसारखा पांढुरका उजेड दिसेल, तो राशिचक्रीय प्रकाश, म्हणजे सूर्यमालेतल्या धुळीवर पडलेलं ऊन. त्याला गावाचा उजेड समजून जागा बदलू नका.

फोकस तेजस्वी ताऱ्यावर लाइव्ह व्ह्यू दहापट करून लावा आणि रिंगला चिकटपट्टी मारा, थंडीत ती सरकते. तीन बॅटऱ्या, आतल्या खिशात. खोलीत जाण्याआधी कॅमेरा बाहेरच झिप पिशवीत बंद करा, नाहीतर आत दव धरतं. लेहला किमान दोन रात्री थांबा, हानले सव्वाचार हजार मीटरवर आहे. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड न्या. आणि टॉर्च लालच. पांढरी पेटवली की आजूबाजूच्या सगळ्यांचे वीस-तीस मिनिटांत अंधाराला सरावलेले डोळे वाया.