मदत हवी आहे: सायबर छळावरची पोस्टर्स, आठवी-नववी

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सातपूर भागातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. ऑनलाइन चिडवणं आणि छळ या विषयावर मुलांकडून पोस्टर्स करून घ्यायची आहेत.

पहिल्या कच्च्या रेखाटनांत सगळीकडे तेच आलं: काळा हुडी घातलेला हॅकर, कोपऱ्यात रडणारी मुलगी, लाल रंगात ‘थांबवा!’. हात छान आहेत, एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली मुलं आहेत. पण वर्गाच्या ग्रुपवर कुणाचा तरी फोटो बिघडवून स्टिकर बनवणारा हुडीवाला नसतो हो, शेजारच्या बाकावरचाच असतो! आणि तो स्टिकर हसत पुढे ढकलणारे पंचवीस जण पोस्टरमध्ये कुठेच दिसत नाहीत. मला खरं तर तेच दाखवायला हवे आहेत. चॅटचे फुगे, निळ्या टिका, फॉरवर्डचा बाण एवढ्यावरच रचना उभी करता येईल असं वाटतं. कुणी असं करून घेतलंय का? सुरुवात कशी केलीत?

दुसरी अडचण म्हणजे फुग्यांत खरे अपशब्द लिहू द्यावेत का? गाळले तर चित्र गुळमुळीत होतं, ठेवले तर पालक येतील.

तळाशी सगळ्यांनी 1930 हा हेल्पलाइन नंबर लिहिलाय. तो मुख्यतः पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे, म्हणून मुलांसाठीचा 1098 मोठा घ्यायला सांगितलाय.

आणि हो, कॉलेज रोड किंवा शालिमारच्या बाजूला ए-थ्री रंगीत प्रिंट स्वस्तात कुठे मिळतील? फ्लेक्स नकोय.