ताई मेसेज वाचते, उत्तर देत नाही आणि माझं डोकं फिरतं

वैतागलेली: ताईला मेसेज केला की दोन निळ्या खुणा उमटतात, मग शांतता. तासाभरात मी ठरवून टाकते की परवा तिच्या मुलाच्या अभ्यासावरून बोलले ते तिला लागलं, आता ती माझ्याशी तोडणार. संध्याकाळी तिचा फोन येतो; दिवसभर कामात होती म्हणे. तोवर माझा सूर तुसडा झालेला असतो. नवरा म्हणतो, 'यात चिडण्यासारखं काय आहे?' त्याचं बरोबर आहे हे कळतं, आणि म्हणूनच आणखी चिडते. भावनांपुढे तर्क चालतच नाही का?

जुना खोडरबर: चालतो, पण तो कुठे लावायचा हे कळायला हवं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत घटना आणि भावना यांच्यामध्ये एक समजूत असते. तुमच्याकडे दोन गोष्टी एकात एक गुंतल्यात. 'ताई रागावली' हा अंदाज आहे, तो खरा किंवा खोटा निघेल. 'तिने माझ्यावर रागावताच कामा नये, रागावली तर मी कुणाचीच नाही' हा हट्ट आहे. आपण सगळे अंदाजाशीच भांडत बसतो. एलिस उलट विचारतील: बरं, रागावली असं धरून चालू. मग? वाईट वाटेल. वाटू दे की! वाईट वाटण्यात अविवेकी काही नाही. अविवेक त्या 'च'मध्ये आहे: रागावताच, कुणाचीच. (कोरड्या ठणठणीत माणसाला विवेकी समजायची आपल्याकडे फॅशनच आहे, ते वेगळं.)

मधली सुट्टी: आणि यजमानांनी 'चिडण्यासारखं काय' ऐवजी 'दुखावलीस का?' म्हणून बघावं. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या 2007 मधल्या प्रयोगात चेहऱ्यांची चित्रं बघताना त्यावरच्या भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची, सक्रियता कमी झालेली दिसली. तर्क नंतर काढा.

तिरकस: हे सगळं ठीक. पण ताई खरंच मुद्दाम टाळत असेल तर? दर वेळी स्वतःचीच समजूत तपासत बसायचं आणि समोरच्याला मोकळं सोडायचं?

जुना खोडरबर: मुळीच नाही. पण हट्ट सुटला की विचारणं सोपं जातं. 'तू मला टाळतेस' म्हटलं की ती बचावाला उभी राहणार. 'उत्तर आलं नाही की मला वाटतं माझं काही लागलं तुला. तसं आहे का?' याला हो किंवा नाही म्हणता येतं. आणि हे फोनवर विचारा. लिहिलेल्या मजकुरातला सूर समोरच्याला नेमका कळेल असं आपण उगाच धरून चालतो.

वैतागलेली: आणि ती 'हो, लागलं' म्हणाली तर?

जुना खोडरबर: तर अभ्यासाबद्दल बोला. भांडणाचा विषय तरी खरा असेल.